मानवाकृतीचे रेखाटन : कल्याणच्या ‘मानसोल्लासा’पासून ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत

जुन्या वाचनालयाचा इतिहास लिहिताना कादंबरी, नाटक, चरित्र आणि संतवाङ्मय यांच्या कपाटांचा उल्लेख अगोदर होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. चित्रकलेचे कपाट बहुधा कोपऱ्यात असते. त्यातील पुस्तके आकाराने मोठी, किमतीने भारी आणि वाचकसंख्येने थोडी. तथापि ग्रंथालय हेच एखाद्याचे विद्यालय कसे होते, याचा प्रत्यय या कपाटाइतका अन्यत्र क्वचितच येतो. भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील चित्रकलेची ओढ असलेला मुलगा वा मुलगी ‘माणूस काढायला शिकवणारे पुस्तक हवे’ असे म्हणत ग्रंथपालासमोर उभी राहते, तेव्हा समोर ठेवले जाणारे पुस्तक तिचा पहिला गुरू ठरते. जवळपास कलाशाळा नसेल, तर कदाचित काही वर्षे एकमेव गुरूही तेच ठरते. त्या गुरूची निवड चुकली तर त्याची भरपाई विद्यार्थ्याला स्वतःच्या वर्षांनी करावी लागते. म्हणून मानवाकृतीच्या रेखाटनासाठी कोणता ग्रंथ निवडावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

शिवाय हा प्रश्न या भूमीला नवा नाही. त्याचे एक सविस्तर उत्तर नऊशे वर्षांपूर्वी याच बीदर जिल्ह्याच्या मातीत ग्रंथबद्ध झाले आहे.

कल्याणचा राजा आणि चित्रकाराचा दोरा

आजचे बसवकल्याण ही पश्चिम चालुक्यांची राजधानी कल्याण. सहाव्या विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर, म्हणजेच भूलोकमल्ल, याने इ. स. ११२६ ते ११३८ या काळात येथून राज्य केले. त्याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ पाच विंशतींत, प्रत्येकी वीस अध्यायांत रचलेला आहे. ग्रंथातील ज्योतिषगणितात शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, या वर्षाचा निर्देश येत असल्याने त्याचा काळ निश्चित करता येतो. महाराष्ट्रातील स्त्रिया गात असलेल्या ओव्यांचा उल्लेख या ग्रंथात आहे. त्यामुळे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. मात्र त्यात चित्रकारासाठी स्वतंत्र प्रकरण आहे, हे साहित्याच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते.

हे प्रकरण कारागिराच्या हाताशी बसून लिहिल्यासारखे आहे. भिंतीचा लेप कसा घोटावा, वासराच्या कानाच्या केसांची लेखणी कशी बांधावी, काजळ आणि भाताची शिते मळून रेखाटनाची वर्तिका कशी वळावी, हे सारे त्यात येते. त्यानंतर माणसाच्या आकृतीचा विचार सुरू होतो. कपाळाच्या केशरेषेपासून भुवयांच्या मध्यातून, नासाग्र, हनुवटी, छाती आणि नाभी यांवरून दोन्ही पावलांच्या मध्यापर्यंत उतरणारी उभी रेषा ती ब्रह्मसूत्र. तिच्या दोन्ही बाजूंच्या रेषा ती पक्षसूत्रे. आकृती समोरून पूर्ण दिसत असेल तर दोन्ही पक्षसूत्रे ब्रह्मसूत्रापासून सारख्या अंतरावर असतात. ती वळू लागली की एका बाजूचे अंतर घटते आणि दुसऱ्या बाजूचे वाढते. या वळण्याच्या ऋजू, अर्धर्जू, साची, अर्धाक्षी आणि भित्तिक अशा पाच अवस्था सोमेश्वराने सांगितल्या आहेत. भित्तिक ही भिंतीकडे वळलेली, एका बाजूने दिसणारी अवस्था होय.

आजचा कलाशिक्षक विद्यार्थ्याला ओळंबा डोळ्यासमोर धरून उभ्या माणसाचा तोल तपासायला सांगतो. त्यामागचे तत्त्व हेच आहे. आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे हुबेहूब उतरलेल्या चित्राला या ग्रंथात ‘विद्ध’ असे नाव आहे. यावरून साक्षात माणसाकडे पाहून काढण्याची कल्पना कल्याणच्या दरबारात परकी नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

‘मानसोल्लास’ आधुनिक वाचकाच्या हाती आला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेमुळे. गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला पहिला खंड १९२५ साली व दुसरा १९३९ साली प्रसिद्ध झाला, तर तिसरा १९६१ साली निघाला. ज्या ग्रंथालयाला आपल्या प्रदेशाचा चित्रकलाविषयक वारसा जपावयाचा आहे, त्याच्या कपाटात हे खंड असावेत.

अंगुळे, ताल आणि त्यांची मर्यादा

सोमेश्वराच्या पूर्वीही मानवी प्रमाणांचा विचार झालेला होता. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तील चित्रसूत्राने पुरुषांचे हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पाच वर्ग केले असून त्यांची उंची अनुक्रमे १०८, १०६, १०४, १०० व ९० अंगुळे दिली आहे. स्टेला क्रामरिश यांनी या भागाचा इंग्रजी अनुवाद १९२४ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध केला. बारा अंगुळांचा एक ताल, आणि ताल म्हणजे केशरेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा. १०८ अंगुळांच्या नवताल आकृतीची प्रचलित विभागणी अशी : चेहरा १२, मान ४, मानेच्या पायथ्यापासून छातीपर्यंत १२, तेथून नाभीपर्यंत १२, नाभीपासून जांघेपर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४ आणि पाऊल ४. बेरीज बरोबर १०८ होते. येथील अंगुळ हे मोजपट्टीवरचे माप नाही. ते त्या त्या आकृतीच्या देहावरूनच घ्यावयाचे असते. म्हणून ही आकडेमोड लांबीची नसून प्रमाणाची आहे, आणि तळहाताएवढ्या चित्राला व भिंतीएवढ्या चित्राला ती सारखीच लागू पडते.

या मापांचा उपयोग कोठे संपतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतीय कलेतील शरीररचनेवर एक छोटे पुस्तक लिहिले. सुकुमार राय यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९१४ साली प्रकाशित झाला. खांदा हत्तीच्या मस्तकासारखा, धड गोमुखासारखे, कटी डमरूसारखी, गुडघा खेकड्याच्या पाठीसारखा अशा परंपरागत उपमा त्यांनी रेखाचित्रांसह समजावून दिल्या. त्याचबरोबर शास्त्रातील मापे पूज्य मूर्तीसाठी बंधनकारक असली तरी इतरत्र कलावंताने त्यांचे दास होऊ नये, असा इशाराही दिला. प्रमाणाने आकृती उभी राहते. परंतु कोपर वाकल्यावर दंड का फुगतो, किंवा हात वर नेला की खांद्याचे पाते कोठे सरकते, हे अंगुळे सांगत नाहीत. त्यासाठी त्वचेखाली पाहावे लागते.

मुंबईचा मार्ग

त्वचेखाली पाहण्याची विद्या युरोपात वैद्यक आणि चित्रकला यांच्या सहकार्यातून वाढली. आंद्रेआस वेसालियस याचा शरीररचनेवरील महाग्रंथ १५४३ साली बाझल येथे छापला गेला. त्यातील सांगाडे आणि स्नायुपुरुष निसर्गदृश्याच्या पार्श्वभूमीवर जिवंत माणसासारखे उभे आहेत. ही परंपरा या भागात आली ती मुंबईमार्गे, आणि तिच्या प्रवासात एक नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हा ग्रंथ ठाऊक असतो. तो १८५८ साली लंडनमध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. मजकूर हेन्री ग्रे याचा होता, पण ३६३ आकृत्या काढल्या त्या डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी. अवयवांची नावे चित्राबाहेर न लिहिता थेट त्या त्या अवयवावर छापण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्याला फार सोयीची ठरली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी कार्टर मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते, कुष्ठरोगावर त्यांनी मोलाचे संशोधन केले आणि १८८८ साली ते निवृत्त झाले. जगातील एका प्रख्यात शरीररचना-ग्रंथाच्या चित्रकाराने तीस वर्षे महाराष्ट्रात घालवली, ही गोष्ट कलेच्या आणि वैद्यकाच्या दोन्ही कपाटांशेजारी नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

मात्र येथेच ग्रंथनिवडीतली एक नेहमीची चूक संभवते. शरीररचनेचे पुस्तक मागितले की हाती वैद्यकाचा ग्रंथ दिला जातो. तो थोर असतो, परंतु चित्रकाराच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. शल्यवैद्याला शीर कोठून जाते आणि मज्जातंतू कोठे फुटतो हे हवे असते. त्याच्यासाठी शरीर थरांमागून थर उलगडलेले, निश्चल असते. चित्रकाराला आतील यकृताशी कर्तव्य नाही. जी हाडे त्वचेलगत येतात, जे स्नायू बाहेरचा आकार घडवतात आणि जे सांधे हालचालीला दिशा देतात, तेवढेच त्याला हवे असते. वैद्यकाचा ग्रंथ पाठ करून काढलेली आकृती पुष्कळदा सोललेल्या देहासारखी दिसते, ती यामुळेच.

मुंबईत सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. प्रारंभीची अनेक दशके मानवाकृतीचा अभ्यास मुख्यतः ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टरमधील प्रतिकृतींवरून होत असे. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ नंतर, प्रत्यक्ष मॉडेल समोर बसवून चित्रण करण्याच्या वर्गाला तेथे रीतसर स्थान मिळाले. या शाळेशी विद्यार्थी व शिक्षक म्हणून दीर्घकाळ निगडित असलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हे १९४० सालचे आत्मकथन त्या वातावरणाची ओळख करून देते. ते अनेक जुन्या मराठी वाचनालयांत आढळते.

गुलबर्ग्याचा चित्रकार

या मार्गाने गेलेला सीमाभागातील सर्वांत प्रसिद्ध प्रवासी म्हणजे एस. एम. पंडित. सांबानंद मोनप्पा पंडित यांचा जन्म १९१६ साली गुलबर्ग्यास झाला. त्या वेळी हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आकृतिचित्रणाचे पद्धतशीर शिक्षण घेण्यासाठी पंडितांना गाव सोडावे लागले. मद्रास आणि त्यानंतर मुंबई हा त्यांचा शिक्षणप्रवास झाला. मुंबईत दंडवतीमठ यांच्या नूतन कलामंदिरात व पुढे सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी हात घडविला. चित्रपटांच्या जाहिराती, ‘फिल्मइंडिया’ मासिकाची मुखपृष्ठे आणि पुराणकथांवरील दिनदर्शिकांची चित्रे यांतून त्यांची कला देशभर घराघरांत पोहोचली. उत्तरायुष्यात ते गुलबर्ग्यास परतले. १९९३ साली त्यांचे निधन झाले. शहरातील रंगमंदिर आज त्यांचे नाव धारण करून उभे आहे.

पंडितांची चित्रे विद्यार्थ्याने ग्रंथासारखी वाचावीत अशी आहेत. त्यांचे देव आणि नायक बलदंड असतात, पण खांद्याचा गोलावा, छातीचे स्नायू, मनगटाची वळणे ही शरीररचनेच्या आधारावर उभी असतात. चेहऱ्यावरचे तेज आणि मुद्रेतील भाव मात्र येथील परंपरेचे आहेत. कल्याणच्या सूत्राची आणि मुंबईच्या सांगाड्याची सांगड एकाच हातात बसू शकते, याचे हे उदाहरण होय. सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादिलेल्या ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड (२०१३) हा अशा चित्रकारांच्या अभ्यासासाठी मराठीतील विश्वसनीय संदर्भ आहे.

पंडितांना जो प्रवास करावा लागला तो आज प्रत्येकाला करावा लागत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर बीदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात आले. पुढील काळात व्ही. जी. अंदानी यांच्या आयडियल फाइन आर्ट संस्थेसारख्या प्रयत्नांमुळे गुलबर्ग्यातच कलाशिक्षण रुजले. गुलबर्ग्याचे नाव २०१४ साली कलबुर्गी झाले. तरीही तालुक्याच्या गावातील, मराठी वाचणाऱ्या मुलांसाठी पहिली पायरी बहुधा पुस्तकाचीच राहते.

निवडीचा क्रम

विसाव्या शतकात आकृतिरेखाटनावर इंग्रजीत विपुल पुस्तके झाली. त्यांचे तीन वर्ग करता येतात, आणि वाचकाला ती याच क्रमाने मिळावीत.

पहिला वर्ग पाहायला शिकवणाऱ्या पुस्तकांचा. किमोन निकोलायदीस यांचे ‘द नॅचरल वे टु ड्रॉ’ (१९४१) हे यातले प्रमुख. बाह्यरेषेवरून डोळा आणि हात एकाच गतीने फिरवणे, क्षणभराची हालचाल चार फटकाऱ्यांत पकडणे, असे दैनंदिन पाठ त्यात आखून दिले आहेत. दुसरा वर्ग आकृती उभारायला शिकवणाऱ्या पुस्तकांचा. अँड्र्यू लूमिस यांचे ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ (१९४३) हे प्रमाण, तोल आणि यथादर्शन यांची जोड घालते. त्यातील आदर्श पुरुष आठ डोक्यांचा आहे. सर्वसाधारण माणूस सुमारे साडेसात डोक्यांचा असतो, हे विद्यार्थ्याला सांगून ठेवावे. नवताल आकृती नऊ चेहऱ्यांची आणि ही आठ डोक्यांची. दोन्ही आदर्शच आहेत, आणि दोहोंची तुलना हाच एक उत्तम पाठ आहे. तिसरा वर्ग कलावंतासाठी लिहिलेल्या शरीररचनेचा. पॉल रिशे यांचा फ्रेंच ग्रंथ १८९० चा. रॉबर्ट बेव्हर्ली हेल यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९७१ साली निघाला. स्टीफन रॉजर्स पेक यांचा मानवी शरीररचनेचा चित्रसंग्रह (१९५१) आणि हंगेरीचे येनो बार्चाय यांचा १९५३ सालचा ग्रंथ हेही याच वर्गातले. जॉर्ज ब्रिजमन यांची ‘कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटॉमी’ (१९२०) दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या सीमेवर आहे. शरीर हे एकमेकांत अडकलेल्या ठोकळ्यांचे आहे, ही तिची दृष्टी. ती पचनी पडली तर रेखाटन भक्कम होते. नवख्याने नुसती नक्कल केली तर मात्र सर्व आकृत्या एकाच साच्याच्या होतात. बर्न होगार्थ यांच्या ‘डायनॅमिक अ‍ॅनाटॉमी’तील (१९५८) ताणलेले स्नायू मुलांना फार आवडतात. ते शेवटी द्यावे, प्रथम नव्हे.

नवे पुस्तक घेताना ग्रंथपालाने काही गोष्टी तपासाव्यात. एकाच मुद्रेत हाड, स्नायू आणि त्वचा असे तीन टप्पे शेजारी शेजारी दाखविले आहेत काय? तरुण पुरुषाखेरीज स्त्री, बालक व वृद्ध यांच्या आकृत्या आहेत काय? संपूर्ण देह आधी आणि हातापायांची बोटे नंतर, असा क्रम आहे काय? छपाई इतकी स्वच्छ आहे काय, की रेषेची जाडी-बारीकी दिसावी? या कसोट्यांना न उतरणारे पुस्तक कितीही देखणे असले तरी शिकणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. भाषेची अडचणही आहेच. बरगड्यांचा पिंजरा, कटिबंध, खांद्याचे पाते, गुडघ्याची वाटी अशा मराठी नावांची एक यादी करून या पुस्तकांच्या आतील पानास जोडली, तर इंग्रजीला बिचकणारा वाचकही चित्रांच्या आधारे पुढे जाऊ शकेल. हे काम थोड्या श्रमाचे आणि फार उपयोगाचे आहे.

कुलूपबंद कपाटाचा प्रश्न

या पुस्तकांत नग्नाकृती असतात. सार्वजनिक वाचनालयात ती ठेवावीत काय, अशी शंका पालकांच्या आणि काही वेळा कार्यकारी मंडळांच्याही मनात येते. शंका प्रामाणिक असते, आणि तिची हेटाळणी करण्याचे कारण नाही. परंतु तिचे उत्तर याच परिसरात दगडात कोरलेले आहे. हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवी येथील चालुक्यकालीन मंदिराच्या बाह्य भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या दृष्टीसमोर, ललनांच्या मूर्ती आहेत. त्यांतील एक पाठ किंचित वळवून विक्रमादित्याच्या प्रशस्तीचा शिलालेख लिहीत आहे. कण्याचा बाक, एका पायावर पेललेला भार आणि त्यामुळे कललेली कटी हे सारे त्या एका मूर्तीत शिकता येते. बसवकल्याणजवळील नारायणपूरच्या मंदिरातही अशा मूर्ती आहेत, आणि कलबुर्गी जिल्ह्यात चित्तापूर तालुक्यातील सन्नतीजवळच्या कनगनहळ्ळी स्तूपाच्या शिल्पपटांत तर त्याहून कितीतरी प्राचीन आकृत्या आहेत.

न्यायसंस्थेनेही हा भेद मान्य केला आहे. १९५४ साली अकबर पदमसी यांच्या चित्रांवरून मुंबईत खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. त्यांच्याच आणि एफ. एन. सूझा यांच्या कलाकृती सीमाशुल्क खात्याने अडवून ठेवल्या, तेव्हा २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या सोडण्याचा आदेश देताना प्रत्येक नग्नाकृती अश्लील ठरत नाही, हे स्पष्ट केले. वयाने लहान वाचकाला पुस्तक देताना ग्रंथपालाने तारतम्य अवश्य ठेवावे. मात्र तारतम्य आणि कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या शिल्पांच्या जोडीला काही ग्रंथ आवर्जून ठेवावेत. अजिंठा आणि बीदर ही दोन्ही स्थळे एकेकाळी हैदराबाद संस्थानात होती, आणि तेथील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी दोहोंवर ग्रंथ लिहिले. ‘अजंठा’चे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले, तर ‘बीदर’ १९४७ साली. अजिंठ्याच्या चित्रांतील हातांच्या मुद्रा कोणत्याही परदेशी हस्तचित्रसंग्रहाशेजारी ठेवाव्यात. मूर्तींच्या लक्षणांसाठी गणेश हरी खरे यांचे ‘मूर्तिविज्ञान’ (१९३९) मराठीतच उपलब्ध झालेले आहे.

आज हातातील दूरध्वनीच्या पडद्यावर हजारो आकृत्या क्षणात दिसतात. त्यामुळे पुस्तकांची गरज संपली, असा समज होणे शक्य आहे. वस्तुतः चित्रांची टंचाई दूर झाली, तरी क्रमाची टंचाई कायम आहे. आधी काय पाहावे, नंतर काय मोजावे आणि शेवटी त्वचेखालचे काय जाणून घ्यावे, हे सांगणारा कोणीतरी लागतो. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणच्या राजाने ब्रह्मसूत्राचा दोरा सोडून हा क्रम सांगितला. आज ते काम एका लहानशा कपाटाकडे आणि ते जाणतेपणाने भरणाऱ्या ग्रंथपालाकडे आले आहे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात सभासदांनी आणि देणगीदारांनी या कोपऱ्यातील कपाटाकडे थोडे अधिक लक्ष पुरविल्यास सीमाभागातील एखाद्या पुढच्या पंडितास आपले पहिले धडे गावातच गिरवता येतील.